आधी माती, मग घोरपड: अ‍ॅकीसाठी घर बांधताना

आमच्या मागच्या खोलीत साधारण आठशे किलो माती आहे आणि त्या मातीत दोन फूट लांबीची, अ‍ॅकी जातीची एक घोरपड राहते. आईला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, लोक माती झाडून घराबाहेर टाकतात." तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण घोरपड पाळायची तर ही माती घरात आणण्यावाचून इलाज नाही. नव्या माणसाला नेमकं हेच कोणी सांगत नाही. दुकानात काचेची पेटी मिळते, दिवा मिळतो, खाली पसरायला लाकडाच्या सालींची पिशवी मिळते, आणि आपण खुशीत घरी येतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, विशेषतः भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी. आपल्या शेताच्या बांधावर दिसते ती घोरपड पाळायची नाही. भारतात सापडणाऱ्या चारही जातींच्या घोरपडी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विहिरीत पडलेली किंवा जखमी घोरपड सापडली तर वनविभागाला कळवायचं, घरी आणून दूध पाजत बसायचं नाही. परदेशी जातीची घोरपड बाळगायची असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि प्राणी कायदेशीर मार्गाने आल्याची कागदपत्रं लागतात. "नंतर करून देतो" म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथूनच नमस्कार करा.

मी राहतो ब्रिटनमध्ये, लेस्टरला. इथे अ‍ॅकी पाळायला परवाना लागत नाही, मात्र प्राण्याची नीट काळजी घेणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. आठशे किलो माती लपवून ठेवता येत नाही.

अ‍ॅकीच का

अ‍ॅकी म्हणजे काटेरी शेपटीची ऑस्ट्रेलियन घोरपड, शास्त्रीय नाव वरानस अ‍ॅकॅन्थुरस. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खडकाळ, कोरड्या माळरानावर, दगडांच्या फटींत आणि बिळांत राहते. शेपटीसकट साधारण ६० ते ७० सेंटीमीटर. ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे युरोप-अमेरिकेत मिळतात त्या बहुतेक अ‍ॅकी इथेच माणसांच्या हाताखाली जन्मलेल्या असतात. नवख्यासाठी हा मोठा फायदा आहे.

दुकानात याहून स्वस्त मिळतं ते आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीचं पिल्लू. तळहातावर मावतं, दिसतं गोड. तेच वाढून तीन-चार फुटांचं होतं आणि त्याला एका खोलीएवढी जागा लागते. नाइल घोरपड तर सहा फुटांवर जाते. फ्लोरिडातल्या केप कोरल भागात अशाच नाइल घोरपडी मोकळ्या सुटून जंगली झाल्या आणि २०२१ मध्ये त्या राज्याने ती जात पाळायला बंद केली. पहिलीच घोरपड असेल तर अ‍ॅकी घ्या, हे माझं स्पष्ट मत. तीही १५ वर्षं जगू शकते, म्हणजे हा काही हौसेपुरता हिशेब नाही.

जागा आणि वजन

एका अ‍ॅकीला ४ फूट × २ फूट × २ फूट पुरतं असं बरेच जण सांगतात. तेवढ्यात ती जगते. पण त्या दोन फूट उंचीत माती किती आणि वर हवा किती याचं गणित मांडलं की अडचण कळते. मी बांधलं ते १८० सेंटीमीटर लांब, ७५ रुंद आणि १२० उंच; त्यात खालचे ४० सेंटीमीटर माती. मातीचं आकारमान होतं ०.५४ घनमीटर. ओलसर वाळूमिश्रित माती घनमीटरला दीड टन धरली तर ८०० किलोच्या वर जाते. म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो. इथल्या घरांच्या जमिनी साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबाने बांधलेल्या असतात.

तेव्हा वरच्या मजल्यावरची लाकडी जमीन विसरा. तळमजला, खाली काँक्रीट, आणि तेही खात्री करून. आमच्या पुढच्या खोलीत गालिच्याखाली लाकडी फळ्याच होत्या, म्हणून स्वारी मागच्या खोलीत गेली. जागा खिडकीसमोर नको. उन्हाळ्यात काचेतून येणारं ऊन पेटीची भट्टी करतं.

पेटी

माझी पहिली पेटी तयार आणली होती. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की मातीची गरज नाही, दोन इंच साली पसरा. मी त्याचं ऐकलं नाही हे बरं केलं, पण पेटी त्याचीच घेतली हे वाईट. भुशाच्या दाबलेल्या फळ्या, वरून चकचकीत कागद. ओली माती भरल्यावर तिसऱ्या आठवड्यात तळ फुगला, कोपरा उसवला आणि पहाटे जमिनीवर चिखलाचा ओघळ आला. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्यांदा स्वतः बांधली. १८ मिलिमीटरचं, बाहेरच्या हवेत टिकणारं प्लायवूड. खाली आणि कोपऱ्यांना जाड लाकडाची चौकट, कारण माती बाजूलाही ढकलत असते. समोरच्या बाजूला खालचे ४५ सेंटीमीटर पक्की फळी, त्यावर सरकत्या कडक काचा. ही खालची फळी विसरलात तर माती ठेवणार कुठे? आतून बागेतल्या तळ्याला लावतात तो सीलंट तीन हात दिला आणि सांध्यांना मत्स्यालयाचं सिलिकॉन. नंतर आठवडाभर दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ दिला. वास येत असेल तोवर आत प्राणी नाही.

वर जाळीचं झाकण लावू नका. जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात, हवा कोरडी पडते आणि अ‍ॅकी हळूहळू आतून सुकत जाते. छत बंद हवं, दोन बाजूंना तळहाताएवढे झरोके पुरे. झरोक्यांची जाळी स्टीलची, बारीक. नायलॉनची जाळी ती एका दुपारी फाडते. घोरपडीची पकड काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कोंढाण्याच्या कड्यावर यशवंती चढली की नाही यावर इतिहासकार काहीही म्हणोत, माझ्या पेटीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन नखांनी उकरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरकत्या काचांना कुलूप लावा. नाकाने काच ढकलायला ती दोन दिवसांत शिकते.

माती

इथे घाई करू नका. मळक्या कामाचा सगळा अर्थ या पायरीत आहे.

लागते ती धुतलेली बारीक वाळू, जी मुलांच्या खेळाच्या खड्ड्यासाठी मिळते, आणि खत किंवा कीटकनाशक न घातलेली साधी वरची माती. निम्मी-निम्मी घेऊन सुरुवात करा. कुंड्यांसाठी मिळणारी खतवाली माती चालत नाही, पांढरे चमकणारे दाणे असलेली तर नाहीच. मला २५ किलोची बत्तीस पोती लागली. छोट्या गाडीतून चार फेऱ्या झाल्या आणि शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारून गेले, घराला अजून एक खोली काढताय का.

मिश्रण बरोबर झालं की नाही हे कळायला लाडवाची परीक्षा आहे. मूठभर माती घेऊन रव्याच्या लाडवासारखी आवळा. मूठ उघडल्यावर लाडू टिकला पाहिजे, बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. भुरभुरला तर पाणी किंवा माती कमी आहे. बोटांना चिकटला आणि पाणी सुटलं तर वाळू वाढवा. दहा-दहा सेंटीमीटरचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, हाताने दाबायचं, मग पुढचा थर. मी पहिल्या खेपेला आळस करून सगळी माती कोरडीच ओतली आणि वरून झारीने पाणी मारलं. वरचे दोन इंच चिखल, खाली भुकटी. पहिलं बीळ काढताच ढासळलं.

एका कोपऱ्यात दीड इंची पीव्हीसी पाइप उभा पुरून ठेवा, तळापर्यंत. दर दहा-बारा दिवसांनी त्यातून लिटर-दोन लिटर पाणी ओतलं की ओल खालून वर चढते आणि वरचा भाग कोरडा राहतो. अ‍ॅकीला नेमकं तेच हवं. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात वरचा खडक भाजत असतो, पण बिळात दमट गारवा असतो आणि दिवसातला मोठा वेळ ती तिथेच काढते. वर हवेत ३० ते ५० टक्के आर्द्रता चालेल, बिळात ८०च्या पुढे हवी.

दगड ठेवायचे तर माती भरण्याआधी, थेट तळावर. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली ती खणते आणि दगड अंगावर बसतो. हौसेने दगडी गड रचणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

मातीत मी आयसोपॉड सोडले आहेत: कुंडी उचलल्यावर खाली सापडतात, हात लावला की गोळी होतात, तेच करडे बारके किडे. उरलंसुरलं, कुजलेलं ते खाऊन टाकतात. काही घोरपडीच्या पोटात जातात. तक्रार नाही.

ऊब

नव्या माणसाचा विश्वास बसत नाही तो आकडा आता. दिव्याखाली बसायच्या जागेचं पृष्ठभागाचं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियस. हवेचं नाही, त्या फळीचं. अ‍ॅकी तिथे येते, पोट टेकून अंग पसरते, काही मिनिटांत अंग ३५च्या पुढे गेलं की उठून चालायला लागते. ४० अंशांच्या फळीवर तिला तासन्‌तास बसावं लागतं, पचन नीट होत नाही, आणि मालक म्हणतो, "फार शांत आहे हो आमची."

एकच मोठा दिवा लावण्याचा मोह टाळा. त्याने पाठीवर रुपयाएवढा ठिपका भाजतो आणि बाकी अंग गार राहतं, म्हणून ती अजून बसून राहते आणि पाठ पोळते. त्याऐवजी ७५ वॅटचे तीन हॅलोजन फ्लड दिवे जवळजवळ लावा, म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सगळं अंग उजेडात येतं. होल्डर चिनी मातीचे, प्लास्टिकचे वितळतात. वायर आतून लोंबकळत ठेवू नका. दिव्यांना डिमर आणि टायमर जोडा; शिवाय हवेचं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर वीज तोडणारा थर्मोस्टॅट वेगळा. विजेच्या कामाची सवय नसेल तर इथे इलेक्ट्रिशियनला पैसे द्या. लाकडी पेटीत तीन हॅलोजन दिवसाला बारा तास जळणार आहेत, हे विसरून चालणार नाही.

दिव्याखाली काय ठेवायचं? रेटेस स्टॅक. फ्रँक रेटेस या अमेरिकन घोरपडपालकाच्या नावाने ओळखली जाणारी ही अगदी साधी युक्ती आहे. दीड फूट बाय एक फूट प्लायवूडच्या पाच-सहा फळ्या एकावर एक, मधे पट्ट्या लावून जेमतेम घोरपड शिरेल एवढी फट. आमच्याकडे तीन सेंटीमीटर. सगळ्यात वरची फळी ६० अंश, तिच्याखालची ४५च्या आसपास, मग ३८, मग ३२. प्राणी उघड्यावर न येता हवी ती ऊब निवडतो, जणू वाड्यातले माळे. नवीन, बुजरं पिल्लू महिनाभर याच फटींत राहून तब्येत धरतं.

मोजायला इन्फ्रारेडची बंदूक घ्या, महाग नसते. काचेला चिकटवायचे गोल काटे फेकून द्या. गरम टोकाला हवा ३२ ते ३५, गार टोकाला २६ ते २८. गार टोक खरंच गार हवं, तिथे पळायला जागा नसेल तर गरम टोकाचा उपयोग नाही. गरम होणारे दगड आणि मातीखाली टाकायचे हीटिंग मॅट दोन्ही नकोत. घोरपड खाली खणत जाते आणि पोट भाजून घेते. लाल दिवेही नकोत. रात्री सगळं बंद, अंधार. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री खोली १५-१६ वर येते, म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात एक सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर २० अंशांना लावला आहे. माती स्वतःच ऊब धरून ठेवते, त्यामुळे तो फार वेळा चालू होत नाही.

यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांसाठी, टी-५ ट्यूब, १२ टक्क्यांची, पेटीच्या अर्ध्या लांबीपेक्षा थोडी मोठी, मागे परावर्तक लावून, गरम टोकाकडे. किती अंतरावर लावायची ते ट्यूबच्या खोक्यावर असतं. वर्षाने बदला, डोळ्यांना उजेड तसाच दिसला तरी. ऊन कमी पडलं तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात.

विजेचा हिशेब बायकोने मागितला होता, तो देऊन टाकतो. दिवे, ट्यूब आणि एलईडी मिळून दिवसाला साडेतीन युनिट. युनिटला २५ पेन्स धरले तर महिन्याला साधारण २६ पौंड. हिवाळ्यात थोडे जास्त.

रिकामी पेटी चालवून बघा

सगळं लावून झालं की प्राणी आणायचा नाही. दोन आठवडे रिकामी पेटी चालवा. सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने, दुपारी आणि रात्री तापमान वहीत लिहा. माझ्या वहीत चौथ्या दिवशी गार टोक ३३ लिहिलेलं आहे. दिवे थोडे अजून कडेला सरकवल्यावर ते २७ वर आलं. प्राणी आत असता तर हा प्रयोग त्याच्या अंगावर झाला असता. याच दिवसांत हाताने तिरकं बीळ खणून बघा, कोपरापर्यंत हात जाऊन छत टिकलं तर माती जमली. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर जवळपास कोण, हेही आत्ताच शोधा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना घोरपड कळते असं नाही.

मातीच्या खोलीबद्दल इतकं का बोलतोय, त्याचं कारण आमच्याच घरात आहे. अ‍ॅकीची पिल्लं नर की मादी हे ओळखणं अवघड असतं. विकणाऱ्याने नर म्हणून दिला, बायकोने नाव ठेवलं यशवंत. दुसऱ्या वर्षी यशवंत चार दिवस सारखा खणत होता, खाणं सोडलं, पोट गाठीगाठींचं दिसायला लागलं. पाचव्या दिवशी पोट एकदम सपाट. मागच्या कोपऱ्यात अगदी तळाशी सात पांढरी अंडी सापडली. नर नसतानाही मादी अशी अफलित अंडी घालू शकते, आणि खोल, ओलसर, उबदार माती मिळाली नाही तर ती पोटात धरून ठेवते. त्यात जीवही जातो. दोन इंच सालींच्या पेटीत काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळ करत नाही. तेव्हापासून ती यशवंती.

घरी आणल्यावर

पाण्याचं पसरट, जड भांडं गार टोकाला. खाणं म्हणजे मुख्यतः किडे: रातकिडे, झुरळं (पाळीव, विकत आणलेली, स्वयंपाकघरातली नाहीत), टोळ. वर कॅल्शियमची पूड भुरभुरून. पिल्लाला रोज, मोठ्या अ‍ॅकीला आठवड्यातून चार-पाच वेळा. कोंबडीचं मटण, कुत्र्याचं खाणं, रोजची अंडी यांनी ती फुगते. पेटीत हात घातला की साबणाने धुवायचा, दर वेळी; साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू नुसत्या स्पर्शाने हाताला लागतात. भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, यावर आमच्या घरी एकदा मोठं भांडण होऊन गेलं आहे आणि त्यात चूक माझीच होती.

पहिले तीन-चार आठवडे तिला हातात घेऊ नका, उकरून शोधूही नका. ती दिसणार नाही. तुम्हाला वाटेल मेली. सकाळी दिवे लागल्यावर दाराआड उभं राहून बघा: फळ्यांच्या तिसऱ्या फटीतून एक नाक बाहेर येईल, मग जीभ, मग एक डोळा. एक पाऊल पुढे टाकलंत की सगळं आत. किड्यांची वाटी फटीसमोर ठेवा आणि खोलीतून बाहेर जा.